बर्फाच्या पाण्यातला हात

मी शरीरक्रियाशास्त्र शिकवते. अमरावतीच्या एका वैद्यकीय महाविद्यालयात पहिल्या वर्षाच्या पोरांना हृदय कसं चालतं आणि नस मेंदूपर्यंत निरोप कसा पोचवते, हे सांगण्यात माझी उभी नोकरी गेली. पोरं झोपतात, मी खेकसते, मग ती जागी असल्याचं सोंग घेतात. या रहाटगाडग्यात एक हौस मी मनात जपून ठेवली होती. ध्यानाला बसणाऱ्या माणसाच्या शरीरात नेमकं काय घडतं, ते इकडच्याच माणसांवर, आपल्या हातांनी मोजून पाहायचं होतं. परदेशात असं पुष्कळ मोजलं जातं. पण तिथल्या प्रयोगांतली माणसं म्हणजे बहुतेक तिथलीच कॉलेजातली मुलं, आणि सडा टाकून, पाणी भरून मग डोळे मिटणारी अकोल्याची बाई त्यांत कुठेच नसते.

पैशाशिवाय असली मोजणी होत नाही. सरकारी अनुदानासाठी मी दोनदा प्रस्ताव पाठवला. पहिल्यांदा उत्तर आलं की विषय पुरेसा शास्त्रीय नाही. दुसऱ्यांदा आलं की या विषयावर पुरेसं शास्त्रीय काम आधीच झालेलं आहे. मधल्या काळात शास्त्राने एवढी मजल मारली आणि मला पत्ताच लागला नाही. एका आश्रमाने पैसे देऊ केले होते, पण निष्कर्ष त्यांनी आधीच ठरवून ठेवला होता, माझी फक्त सही हवी होती. आमच्या औषधशास्त्राच्या विभागप्रमुखांनी तर स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर विचारलं की मॅडम, डोळे मिटून बसायला पैसे कशाला लागतात. सगळे हसले, मीही हसले, आणि फाईल कपाटावर टाकून दिली.

शेवटी पैसे आले ते घरातूनच. आले नसते तर बरं झालं असतं, असं आता रोज वाटतं.

माझी मोठी बहीण अकोल्याला दिलेली. भाऊजी, म्हणजे तिचे यजमान, मूळचे हिवरखेडचे शेतकरी. पुढे अकोल्याला दालमिल टाकली आणि ती चांगली चालली. माणूस मोठ्या आवाजाचा, मिलच्या घरघरीत बोलायची सवय, त्यामुळे घरातही शेजाऱ्यांना ऐकू जाईल असंच बोलणार. ताई त्यांच्या उलट. ती बोलायला लागली की आपल्यालाच जरा पुढे वाकावं लागे. पन्नाशी उलटल्यावर ती कुठल्याशा शिबिराला जाऊन आली आणि रोज सकाळी पुढच्या खोलीत सतरंजी टाकून डोळे मिटून बसायला लागली. गुरू नाही, फोटो नाही, उदबत्ती नाही, नुसतं आपल्या श्वासाकडे लक्ष द्यायचं. हळूहळू कॉलनीतल्या दहा-बारा बायका येऊन बसू लागल्या. आमच्या घरी सकाळी सकाळी झोपायची शाळा भरते, असं भाऊजी ज्याला त्याला सांगत. पण बायका बसल्या असताना त्यांनी कधी टीव्ही लावला नाही, आणि त्या उठल्या की सगळ्यांचा चहा ते स्वतः करत. स्वयंपाकघरातली चहा ही एकच गोष्ट त्यांना करता येत होती, आणि तिचा त्यांना भारी अभिमान होता.

मग ताईला कर्करोग निघाला. पोटातून सुरू झालेला मणक्यापर्यंत गेला. दुखण्यावरच्या गोळ्या दिलेल्या होत्या, पण गुंगी येते आणि बसता येत नाही म्हणून ती त्या टाळायची. सतरंजीवर बसणं जमेना तेव्हा खुर्चीत बसायला लागली, पण बसणं सोडलं नाही. भाऊजी रोज विचारायचे, दुखते का. ती म्हणायची, नाही हो. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला भाऊजी हे सांगत, एवढा मोठा आजार, पण बाई हूं की चूं करत नाही, ही ध्यानाची ताकद आहे. ताई शेजारी बसून जरा हसायची. मी दर पंधरवड्याला बडनेरा स्टेशनवरून गाडी धरून जायची, तिचा चेहरा पाहायची, आणि मलाही ते खरं वाटायचं. मला तसं वाटायला हवंही होतं.

ती गेल्यावर काही महिन्यांनी भाऊजी एकटेच अमरावतीला माझ्या घरी आले. हातात तुरीच्या डाळीची पिशवी होती. चहा घेतला, पाणी घेतलं, पाऊसपाण्याचं झालं, आणि मग त्यांनी आवाज एकदम खाली आणला. तो आवाज मी त्यांच्या तोंडून आधी कधी ऐकला नव्हता.

"मले एक सांग. ध्यान केल्यानं दुखणं खरंच जाते, का माणूस नुसता सांगत नाही?"

तेराव्याला कुणीतरी म्हणालं होतं की बाईले लय त्रास झाला असन, आणि भाऊजींनी नेहमीप्रमाणे नाही म्हणून सांगितलं होतं. पण त्या दिवसापासून ते वाक्य त्यांच्या डोक्यातून जात नव्हतं. झोप उडाली होती, जेवण तुटलं होतं. ताई खरोखर दुखण्याच्या पलीकडे गेली होती, की त्यांच्यापासून लपवत होती, एवढंच त्यांना जाणून घ्यायचं होतं. मी प्रामाणिकपणे सांगितलं की याचं पक्कं उत्तर कुणाकडे नाही. काही ठिकाणी फरक दिसला आहे, काही ठिकाणी नाही. ते म्हणाले, मग तू शोध, पैसे मी देतो.

त्यांना समजवायला हवं होतं की संशोधन गेलेल्या माणसाबद्दल काही सांगत नाही. पाच-पन्नास लोकांबद्दल काहीतरी सांगतं, तेही अडखळत. पण कपाटावरची फाईल मला डोळ्यांसमोर दिसायला लागली, आणि समोर बसलेला माणूस काहीतरी करायला मिळालं तर निदान उभा राहील असंही वाटलं. मी हो म्हटलं.

महाविद्यालयात रीतसर सगळं झालं. खाजगी देणगी आमच्याकडे कधी येत नाही, त्यामुळे अधिष्ठाता खूश होते. नीतिसमितीने दोन बैठका घेतल्या आणि एक अट पक्की घातली की देणगीदाराचा निष्कर्षांशी काही संबंध राहणार नाही. भाऊजींनी त्यावर सही केली. शिवाय प्रत्येक बाईला वाचून दाखवायचं होतं की हात तुम्ही कधीही बाहेर काढू शकता, कारण देण्याची गरज नाही.

हात बाहेर काढायचा तो बर्फाच्या पाण्यातून. प्रयोग जुना आणि साधा आहे. थंडगार पाण्यात मनगटापर्यंत हात बुडवायचा. दुखायला लागलं की दुसऱ्या हाताचं बोट वर करायचं, सोसेनासं झालं की हात काढायचा. कुणी काढलाच नाही तर ठरलेल्या वेळेला आम्हीच थांबवायचं. तोवर दुसऱ्या दंडाला पट्टा बांधून रक्तदाब पाहायचा. दुखण्याचा असा प्रयोग केला तर कुणाला इजा होत नाही, आणि ज्यांनी केला नाही त्यांना तो हसण्यावारी नेण्याजोगा वाटतो. मी विद्यार्थ्यांना दरवर्षी करायला लावते. चांगली दांडगी पोरं पाण्यात हात घालतात आणि थोड्याच वेळात आईचं नाव घेऊन बाहेर काढतात.

तुलनेसाठी ध्यान न करणाऱ्या बायका हव्या होत्या. त्या आम्ही अमरावतीतच गोळा केल्या, कुणाची वहिनी, कुणाची शेजारीण, आणि त्यांचा प्रयोग महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत झाला. ताईच्या मैत्रिणींना मात्र अमरावतीला आणणं जमण्यासारखं नव्हतं. कुणाची सून बाळंतीण, कुणाचे गुडघे, कुणाचा नवरा एक दिवस हाताने वाढून घेणार नाही. म्हणून मीच सगळं सामान गाडीत घालून अकोल्याला नेलं. ताईच्याच पुढच्या खोलीत, त्यांच्या रोजच्या बसण्यानंतर, प्रयोग करायचा ठरला. बर्फाची लादी भाऊजींनी आणून ठेवली होती, गोणपाटात गुंडाळून, भुसा लावून, आणि स्वतःच्या हाताने फोडून टबात घातली.

ते तिथून हलले नाहीत. नीतिसमितीच्या कागदावर देणगीदाराने निष्कर्षांपासून दूर राहावं असं होतं; चहाचा ट्रे घेऊन दारात उभं राहू नये, असं त्यात कुठे लिहिलेलं नव्हतं. पैसे देणारा माणूस प्रयोगाच्या खोलीत असू नये, हे मी पोरांना शिकवते. पण थोरल्या भाऊजींना त्यांच्याच घरात धाकट्या मेहुणीने बाहेर व्हा म्हणायचं, हे आमच्याकडे बसत नाही. शिवाय ते काही बोलत नव्हते, नुसते उभे होते. प्रत्येक बाईचा हात पाण्यात गेला की तिच्याकडे अशा आशेने पाहत होते, जशी पोरं निकालाच्या दिवशी फळ्याकडे पाहतात.

बायकांनी कमाल केली. एकामागून एक येऊन बसल्या, हात बुडवला, डोळे मिटले. कुणाचं बोट वर गेलं नाही, गेलं तर अगदी शेवटी. बहुतेकींचा हात आम्हालाच थांबा म्हणून बाहेर काढावा लागला. हात लाल होऊन निघत होते आणि चेहरे शांत. अमरावतीच्या बायकांनी याच्या निम्म्यातच अंग काढून घेतलं होतं. यंत्र मात्र वेगळं सांगत होतं. रक्तदाब यांचाही तेवढाच चढत होता, काहींचा तर जास्तच. मला त्यातच मोठं घबाड सापडल्यासारखं झालं. शरीराला थंडी झोंबते, पण माणसाला छळत नाही, म्हणजे दुखणं पोचतं आणि तरी माणूस त्याच्यापासून बाजूला उभा राहू शकतो, असं काहीतरी माझ्या डोक्यात तयार व्हायला लागलं. एवढी वर्षं ज्याची वाट पाहिली ते आपल्याच ताईच्या सतरंजीवर मिळालं, या आनंदाने मी वेडावले.

आणि वेडेपणा असा की आकडे नीट तपासायच्या आधीच मी भाऊजींना सांगितलं. त्यांनी दोनदा विचारून खात्री करून घेतली, म्हणजे शरीराले दुखे पण तिले दुखत नसन, असं नं? मी म्हटलं, तसं दिसतंय. दुसऱ्या दिवशी त्यांनी पुण्याच्या मुलाला फोन केला, हिवरखेडच्या चुलतभावांना केले, आणि कॉलनीत संत्रा बर्फी वाटली. भाच्याने मला फोन करून सांगितलं की मावशी, बाबा काल आठ तास झोपले. मी त्या आनंदात आणखी दोन प्रस्ताव लिहायला घेतले.

प्रयोगाचा एक भाग राहिला होता. प्रत्येकीला नंतर सावकाश विचारायचं होतं की हात पाण्यात असताना मनात काय चाललं होतं. सुरुवात मी त्यांच्यातल्या सगळ्यांत मोठ्या बाईंपासून केली. त्या निवृत्त मुख्याध्यापिका, निम्म्या कॉलनीला त्यांनी पाढे शिकवलेले, त्यामुळे सगळे त्यांना बाईच म्हणत. मी त्यांच्या घरी गेले. त्या ओट्यावर मेथी निवडत होत्या. मी वही उघडली आणि विचारलं की हात बुडवल्यावर दुखणं जाणवत होतं का, की श्वासाकडे लक्ष गेल्यावर ते दूर गेलं होतं. बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं सोपं गणित चुकलेल्या पोराकडे पाहतात.

"दुखे नं, डॉक्टर. हाडं कडकडून राहिले होते. पण भाऊ समोर उभे. हात कसा काढाव माणसानं?"

मी म्हटलं, पण बाई, मी तुम्हाला वाचून दाखवलं होतं, कधीही काढू शकता म्हणून. ते ऐकलं होतं, त्या म्हणाल्या. पण काम त्यांच्या बायकोच्या नावाने चाललेलं. आपण हात काढला की ध्यानात काही नाही असं ठरणार, तिचं नाव खाली जाणार, आणि तो माणूस दारात चहा घेऊन उभा. त्याच्या घरी इतकी वर्षं बसलो, इतका चहा प्यायलो, त्याच्या तोंडावर हात काढायचा म्हणजे लिहाजच सोडायचा. मी विचारलं की हे तुम्ही सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं का. बाईंनी मेथीची काडी बाजूला टाकली.

"ठरवलं नव्हतं. असं ठरवा लागत नाही, बापा."

मी बाकीच्यांना विचारलं. सगळ्यांनी थोड्याफार फरकाने तेच सांगितलं, आणि सांगताना कुणालाच आपण काही बिघडवलं असं वाटत नव्हतं. उलट आपण भाऊंसाठी काहीतरी केलं याचं समाधान होतं. माझा सगळा प्रयोग ध्यानाचा राहिलाच नव्हता. ताईच्या घरात, तिच्या नवऱ्यासमोर, बायका किती सोसू शकतात, तेवढं मी मोजून आणलं होतं. घरी येताना गाडीत मला रडू आलं, आणि ते वाया गेलेल्या संशोधनासाठी नव्हतं. दारात उभे असलेले भाऊजी माझ्या डोळ्यांसमोर होते, आणि खुर्चीत बसलेली ताई.

शास्त्राच्या नियमाने प्रयोग पुन्हा करणं भाग होतं. मी भाऊजींना फक्त एवढंच सांगितलं की समितीच्या नियमात थोडी गडबड झाली, देणगीदार खोलीत नको होता, परत एकदा करू. त्यांनी लगेच मान्य केलं. मागच्या ओट्यावर खुर्ची टाकून बसतो म्हणाले. त्यांना दुसऱ्या कुणाच्या घरी पाठवायला हवं होतं, निदान मिलवर तरी. पण बायका आणि भाऊजी यांच्या मधे भिंत आहे, तेवढं पुरे, असं मी धरून चालले. खिडकी उघडी होती, त्या उकाड्यात ती बंद कोण करणार.

या वेळी चहा नव्हता. मी बायकांना आधीच सांगितलं की कुणाचंही नाव वर किंवा खाली जाणार नाही, शूरपणा दाखवू नका, दुखलं की दुखलं म्हणा. पहिलीने हात घातला, थोडा वेळ डोळे मिटून बसली आणि आई गं म्हणून काढून घेतला. बाकीच्या हसल्या. मग खोलीत एकदम मोकळं वारं शिरल्यासारखं झालं. एक म्हणाली, मागल्या खेपी माझा हात दोन दिवस ठणकत होता. दुसरी म्हणाली, मी तर मनात देवाचा धावा करत होते, श्वासबिस काही दिसत नव्हता. तिसरी म्हणाली, भाऊंच्या तोंडाकडे पाहिलं की रडू येईल म्हणून डोळे मिटले, ध्यानासाठी नाही. बाईंनी सगळ्यांना दटावलं आणि मग स्वतःचा हात त्यांच्यापेक्षाही लवकर बाहेर काढला. इतकं हसणं त्या खोलीत ताई आजारी पडल्यापासून झालं नव्हतं. मी आकडे लिहीत होते आणि मला खिडकीची आठवण झाली तोवर उशीर झाला होता.

बायका गेल्यावर मी मागच्या ओट्यावर गेले. भाऊजी खुर्चीत बसलेले होते. दोन्ही हात मांडीवर, दुपट्टा गळ्यात. समोरच्या जास्वंदीला पाणी घालायचं राहिलं होतं, तिकडे पाहत होते. मी शेजारी पायरीवर बसले.

मग ते म्हणाले, माह्या समोर कोणीच हात काढला नाही.

मी माझं सगळं शास्त्र बाहेर काढलं. म्हटलं, या दहा-बारा बायकांवरून ताईबद्दल काहीही ठरवता येत नाही. बर्फाचं पाणी वेगळं, आजार वेगळा. तिचं बसणं यांच्यापेक्षा कितीतरी जुनं होतं. तिला खरंच दुखत नसेल, हेही शक्य आहे. यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं.

"शास्त्र राहू दे. मी घरचं बोलून राहिलो. मी रोज इचारो, दुखते का. ती नाही म्हणे, अन् मले बरं वाटे. मंग मी मिलवर निघून जाओ."

हे बोलताना त्यांचा आवाज मोडला नाही. मोडला असता तर मला सोपं गेलं असतं, पाठीवर हात तरी ठेवता आला असता. ते तसेच जास्वंदीकडे पाहत राहिले आणि मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं की तुला तरी तिने सांगितलं होतं का. तू बहीण, तू डॉक्टर, दर रविवारी फोन व्हायचे, निदान फोनवर कधी म्हणाली असेल.

नव्हती म्हणाली. रविवारच्या फोनवर ताई माझ्या गुडघ्यांचं विचारायची, माझ्या झोपणाऱ्या पोरांचं विचारायची, आणि मी कशी आहेस म्हटलं की म्हणायची, मजेत. मीही तिच्यासमोर दारात उभी असलेलीच होते, फक्त माझ्या हातात चहाचा ट्रे नव्हता. खरं उत्तर नाही हेच होतं. पण त्या उत्तराचा अर्थ असा होता की माझी बहीण एवढं दुखणं घेऊन, एवढ्या माणसांत, अगदी एकटी होती. भाऊजींचा चेहरा पाहून मला ते तोंडातून काढवेना.

"हो," मी म्हटलं. "मला सांगायची."

त्यांनी डोळे मिटले. खांदे खाली आले. दुपट्ट्याने तोंड पुसलं आणि म्हणाले, बरं झालं, कोणाले तरी सांगतलं तिनं. मग काय म्हणायची ते विचारलं. मी डॉक्टर आहे, मणक्यापर्यंत गेलेला आजार कुठे आणि कसा दुखतो ते मला माहीत आहे. मी सांगितलं की कमरेतून कळ यायची म्हणायची, कूस बदलली की जास्त. ते मान हलवत ऐकत होते. ताईच्या तोंडी मी जे घालत होते ते सगळं बहुधा खरंच असणार, आणि त्यामुळेच मला स्वतःची किळस येत होती. मी थांबले. मग त्यांच्या कपाळावर एक आठी आली.

"मंग तू मले काहून नाही सांगतलं?"

मी याचा विचारच केला नव्हता. त्यांचं बरोबर होतं. बहिणीला सगळं माहीत होतं, ती डॉक्टर होती, एक फोन केला असता तर गोळ्या बदलल्या असत्या, दुखणं कमी करणाऱ्या डॉक्टरांकडे नेलं असतं, काहीतरी झालं असतं. त्याच क्षणी खोटं मागे घेता आलं असतं. म्हणायला हवं होतं की भाऊजी, मी आत्ता तुमच्यासाठी बोलले, मला तिने काही सांगितलं नव्हतं. पण मग ताई पुन्हा एकटी झाली असती, आणि त्यांना ते दुसऱ्यांदा ऐकावं लागलं असतं. मी खाली पाहत बसले. ते उठून आत गेले आणि त्यांनी दार लोटून घेतलं. मी टब रिकामा केला, सतरंजी गुंडाळली आणि सामान गाडीत भरून अमरावतीला परत आले.

महाविद्यालयाला मी अहवाल दिला की प्रयोगाची जागा आणि हजर असलेली माणसं यांचा परिणाम झाल्यामुळे निष्कर्ष काढता येत नाही. उरलेल्या देणगीचं काय करायचं ते भाऊजींनी मला न विचारता थेट अधिष्ठात्यांना कळवलं. असाध्य आजारात दुखणं कमी करण्याच्या औषधांसाठी ते पैसे वापरावेत, असं त्यांनी सांगितलं. विभागप्रमुखांनी मला विचारलं की मॅडम, ध्यानाचं काय झालं, आणि मी म्हटलं, मोजता नाही आलं. ते या वेळी हसले नाहीत.

भाऊजी त्यानंतर माझ्याशी बोलले नाहीत. भाचा फोनवर म्हणतो, मावशी, तू बाबांना काय सांगितलंस? तुझं नाव निघालं की उठून जातात. आणि मग म्हणतो, पण आता जेवतात नीट, झोपतात. सकाळी बायका बसायला येतात तेव्हा मिलवर जाऊन बसतात, तेवढंच. मी त्याला म्हणते, झोपू दे त्यांना.

मागच्या उन्हाळ्यात भाच्याच्या मुलीचं बारसं अकोल्याला झालं. मी गेले, जायलाच हवं होतं. पंगत बसली आणि भाऊजी स्वतः वाढायला निघाले. आमच्याकडे यजमानाने प्रत्येकाच्या पानापुढे थांबायचं, घ्या म्हणायचं, समोरच्याने नको म्हणायचं, आणि तरी वाढायचं, हे झाल्याशिवाय पाहुणा जेवला असं होत नाही. बाईंच्या पानात त्यांनी जबरदस्तीने पुरणपोळी घातली, शेजारच्या पोरीलाही घातली. माझ्या पानापाशी आले आणि न थांबता पुढे गेले. बाईंनी ते पाहिलं आणि माझ्याकडे पाहिलं. त्यांना सगळं सांगून टाकावं असं मला फार वाटलं. त्यांनी ते भाऊजींपर्यंत पोचवलं असतं आणि दोन दिवसांत माझं पान पुन्हा भरलं असतं. पण ताईने कुणाला तरी सांगितलं होतं, एवढ्यावर तो माणूस झोपतो. मी बाईंना म्हटलं, मेथीची भाजी छान झालीये, आणि पानात जे होतं ते संपवलं.